दवाखान्याच्या भिंतीवरचे दरपत्रक

जयसिंगपूरचा रुग्ण मोठ्या दुखण्याला अनेकदा जिल्ह्याची हद्द ओलांडतो. कोल्हापूरपेक्षा मिरज-सांगली जवळ, शिवाय मिरजेला 1894 पासूनची वानलेस रुग्णालयाची परंपरा. पण बिलावरून वाद झाला, की दाद कुठे मागायची हे गावावर ठरते, आणि इथेच माणसे गोंधळतात.

केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे चालतो तो 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. त्याचे नियम 2021 मध्ये बदलले, तेही बऱ्याच उशिराने. आता खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि 15 प्रकारच्या सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते. सरकार दर ठरवून देत नाही, फक्त ते उघड करायला लावते. माझ्या मते कायद्याची खरी कमजोरी हीच. बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असेल, तर तिथे दुसरी स्त्री हजर हवी.

जयसिंगपुरात नगरपरिषद आहे, म्हणून तिथल्या रुग्णालयाची तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते. मिरजेच्या रुग्णालयाची मात्र सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे. तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. आणि त्याआधी केसपेपरची प्रत मागा: अर्ज केल्यापासून 72 तासांत ती देणे वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे.