नॅचेझचे पाळक

जानेवारी १८७०. मिसिसिपीचं नवं विधिमंडळ जॅक्सन शहरात भरलं होतं. कामकाजाआधी प्रार्थना म्हणायला राज्य सिनेटमधले एक नवखे सदस्य उभे राहिले. हायरम रेव्हल्स, वय बेचाळीस, नॅचेझ गावातल्या मेथडिस्ट मंडळीचे पाळक. सभागृहात बसलेल्या कित्येकांना तोवर त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. त्या विधिमंडळातले तरुण कृष्णवर्णीय आमदार जॉन लिंच यांनी पुढे लिहून ठेवलं, की रेव्हल्सना अमेरिकेच्या सिनेटवर पाठवलं ते त्या प्रार्थनेनं.

रेव्हल्स यांचा जन्म १८२७ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलचा. आईवडील गुलाम नव्हते, त्यामुळे तेही जन्मतः स्वतंत्र. तरुणपणी ते न्हाव्याचं काम शिकले, मग शिक्षणासाठी उत्तरेत गेले आणि १८४५ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची दीक्षा घेऊन गावोगाव उपदेश करत हिंडले. मिसूरीत कृष्णवर्णीयांना उपदेश केल्याबद्दल १८५४ मध्ये त्यांना तुरुंगात टाकण्यात आलं. यादवी युद्धात त्यांनी कृष्णवर्णीय पलटणींच्या भरतीला मदत केली, पलटणीचे धर्मगुरू म्हणून मिसिसिपी पाहिली आणि १८६६ मध्ये नॅचेझला येऊन स्थिरावले.

राजकारणाची त्यांना हौस नव्हती. पण त्या काळी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्काची म्हणावी अशी संस्था एकच होती, चर्च. चारचौघांत बोलणं, वर्गणीचा हिशेब ठेवणं, भांडणं मिटवणं, मुलांना अक्षरओळख करून देणं, सारं तिथेच शिकलं जाई. मताचा हक्क मिळाल्यावर लोकांनी आपल्या पाळकांकडेच पाहिलं. साउथ कॅरोलायनात रिचर्ड केन, जॉर्जियात हेन्री टर्नर, दोघेही असेच चर्चमधून थेट विधिमंडळात पोचले. नॅचेझमध्ये लष्करी गव्हर्नर अ‍ॅडेलबर्ट एम्स यांनी १८६८ मध्ये रेव्हल्सना नगरसेवक नेमलं. पुढच्याच वर्षी लिंच यांच्या आग्रहावरून ते राज्य सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले.

तेव्हा केंद्रातल्या सिनेटचे सदस्य राज्यांची विधिमंडळं निवडत. मिसिसिपीतल्या सुमारे १४० आमदारांत तीसहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि एक जागा आपल्या माणसाला हवी यावर ते अडून बसले. मिळाली ती जेमतेम वर्षभराच्या मुदतीची. रेव्हल्सना ८१ मतं पडली, विरोधात १५.

वॉशिंग्टनला पोचल्यावर त्यांना दारातच अडवलं गेलं. सिनेटरला नऊ वर्षांचं नागरिकत्व लागतं. आणि ड्रेड स्कॉट खटल्यात १८५७ साली सर्वोच्च न्यायालयानं कृष्णवर्णीय नागरिकच नाहीत असं ठरवलं होतं. मग चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १८६८ पासून, हे नागरिक झाले, नऊ वर्षं कुठे भरली, असा विरोधकांचा हिशेब. या देशात जन्मलेल्या, या देशाच्या सैन्याबरोबर राहिलेल्या माणसासमोर असा हिशेब मांडला गेला, हे आजही वाचवत नाही. २५ फेब्रुवारी १८७० ला ४८ विरुद्ध ८ मतांनी तो फेटाळला गेला आणि रेव्हल्स अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले.

जॉर्जियाच्या विधिमंडळानं १८६८ मध्ये कृष्णवर्णीय सदस्यांना हाकलून दिलं होतं. रेव्हल्स यांचं सिनेटमधलं पहिलं भाषण त्यांच्यासाठी होतं. वॉशिंग्टनच्या शाळांत वर्णभेद नको म्हणून ते बोलले. आणि त्याच तोंडानं बंडखोर गोऱ्यांना, एकनिष्ठेची शपथ घेतल्यास, राजकीय हक्क परत द्यावेत असंही म्हणाले. मंडळीतलं भांडण मिटवणारा पाळक इथेही बोलत होता.

मुदत संपल्यावर ते कृष्णवर्णीयांसाठी नव्यानं उघडलेल्या अल्कॉर्न विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. १८७३ मध्ये काही काळ मिसिसिपीच्या राज्यसचिवपदाचा कारभारही त्यांच्याकडे होता. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका मी शाळेत असल्यापासून वाचत आलो. त्याच सुमारास त्या मुक्त झालेल्यांचा एक प्रतिनिधी मिसिसिपीत राज्याच्या कारभारात होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

१८७५ पाशी मात्र मला थांबावं लागतं. त्या वर्षी मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांना मारहाण करून, धाकदपटशा दाखवून गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षानं सत्ता काढून घेतली. गव्हर्नर एम्स यांच्याशी बिनसून रेव्हल्स यांचं अल्कॉर्नचं पद आधीच गेलं होतं. निवडणुकीनंतर त्यांनी अध्यक्ष ग्रँट यांना पत्र लिहिलं आणि दोष दिला तो आपल्याच रिपब्लिकन पक्षाच्या स्वार्थी पुढाऱ्यांना. त्या पुढाऱ्यांबद्दलची तक्रार खोटी नसेलही. पण ज्यांच्या मतांनी ते वर गेले, त्यांच्या अंगावरचे वळ तेव्हा ताजे होते. पुढच्या वर्षी, डेमोक्रॅटांच्या राज्यात, त्यांना अल्कॉर्नचं पद परत मिळालं. त्यांनी ते पदासाठी केलं असं मी म्हणणार नाही. वैऱ्याशीही जुळवून घेता येतं या श्रद्धेवर त्यांचं आयुष्य उभं होतं, आणि समोरच्यांना जुळवून घ्यायचंच नव्हतं.

१८९० मध्ये मिसिसिपीनं नवी राज्यघटना केली. मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा ठेवून कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क जवळपास संपवला. रेव्हल्स तेव्हा हयात होते, चर्चच्याच कामात. १६ जानेवारी १९०१ ला अ‍ॅबरडीन गावी ते वारले. चर्चच्या परिषदेसाठी ते तिथे गेले होते.