नववीच्या पोराला इस्रोचं दार उघडं आहे

घरात आठवी-नववीचं पोर असेल तर हे जरा ध्यान देऊन वाचा.

उन्हाळी सुटीत शाळकरी मुलांना प्रयोगशाळेत बोलावून संशोधनाची गोडी लावायची, ही रीत अमेरिकेतील विद्यापीठांत जुनी आहे. तिथले बरेच कार्यक्रम मात्र भरमसाट फी घेतात. आपल्याकडे इस्रोने २०१९ साली 'युविका' नावाने असाच कार्यक्रम सुरू केला, तोही बिनपैशाचा. नववीतील मुलामुलींना मे महिन्यात सुमारे दोन आठवडे अहमदाबाद, हैदराबाद, श्रीहरिकोटा अशा इस्रोच्या केंद्रांत नेतात. शास्त्रज्ञांशी बोलणे होते, प्रयोगशाळा पाहता येतात, छोटी रॉकेटे स्वतः जोडून उडवता येतात. रेल्वेभाडे, राहणे, जेवण सगळे इस्रोकडे.

आता कामाची गोष्ट. २०२४ च्या जाहिरातीप्रमाणे निवडीत पंचायत हद्दीतील शाळेच्या विद्यार्थ्याला १०० पैकी १५ गुण सरळ मिळतात. पण लक्षात घ्या, शाळा पंचायत हद्दीत हवी, घर नव्हे. रोज एसटीने शहरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला हे १५ गुण नाहीत. गावची शाळा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ऐकावे!

निम्मे म्हणजे ५० गुण आठवीच्या मार्कांचे. आठवीचे मार्क कोण विचारतो, असं आपण म्हणतो, इथे विचारतात. ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १०. बाकीचे विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काउट-गाईड यांचे. तेव्हा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातला कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी गेला असेल तर आजच वर काढा.

अर्ज इस्रोच्या संकेतस्थळावरच भरायचा. २०२५ साली मुदत २४ फेब्रुवारी ते २३ मार्च होती. नेमकी गहू-हरभऱ्याची काढणी, त्यात मार्चअखेर. घरात कुणाला सवड नसते, पोराला कुणी सांगत नाही आणि तारीख निघून जाते. पोर दहावीत गेले की अर्ज करता येत नाही. पुढच्या वर्षी बघू, हे इथे चालत नाही.

मुख्याध्यापकांनी जानेवारीतच नववीच्या मुलांची यादी करून कागद जमवून ठेवावेत. आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, वसुलीच्या धांदलीतही ग्रामपंचायतीचा संगणक तासभर या पोरांसाठी मोकळा करता येतो का, तेवढं बघा.