पेडल स्टील : दुरून, न वाजवता घेताना

एस. हजारासिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांमुळे हवाईयन गिटार आपल्याकडे चांगली ओळखीची आहे. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी बार, आणि तो तारांवरून सरकला की निघणारी लांब मींड. त्यामुळे पेडल स्टीलचं नाव निघालं की पुष्कळांना वाटतं, ही तीच गिटार, फक्त खाली चार पाय आणि पेडल. मग सल्लाही ठरलेला असतो : इथे मिळत नाही ना, तर जुनी हवाईयन घे आणि एखाद्या कारागिराकडून पेडल बसवून घे. या सल्ल्यात पैसा जातो आणि शिकण्याची हौसही जाते, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

हवाईयन गिटारवर बार सरकला की त्याखालच्या सगळ्या तारा एकत्र वर किंवा खाली जातात. पेडल स्टीलमध्ये बार जागच्या जागी असतानाही पायाने दाबलेल्या पेडलमुळे एखाद-दुसरी तारच सूर बदलते, बाकीच्या तशाच राहतात. 1954 साली गाजलेल्या वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं आणि सूर सुरातून सरकताना ऐकू आला. त्यानंतर कंट्री संगीतातल्या स्टीलवादकांना पेडलशिवाय चालेना. आज शिकण्यासाठी जी रचना रूढ आहे तिला ‘ई नाइन’ म्हणतात : दहा तारा, तीन पेडल आणि गुडघ्यांनी ढकलायच्या चार-पाच लिव्हर. ई हा सा धरला तर पहिलं पेडल पंचमाचा धैवत करतं आणि दुसरं गंधाराचा मध्यम. सा-ग-प वाजत असताना दोन्ही पेडल दाबली की सा-म-ध होतं, आणि षड्ज मात्र हलत नाही. गुडघ्याच्या एका लिव्हरने त्याच षड्जाचा कोमल रिषभ होतो, दुसरीने निषाद.

हे घडवण्यासाठी प्रत्येक तार घोडीच्या जागी एका झुलत्या धातूच्या तुकड्यावरून जाते. त्याला फिंगर म्हणतात आणि दहा फिंगरांच्या संचाला चेंजर. खाली दांड्या, तरफा, स्प्रिंगा असतात. सगळ्या वाद्याची रचनाच या यंत्राभोवती केलेली असते, म्हणून ते नंतर दुसऱ्या गिटारीत बसवता येत नाही. मुळात पेडल स्टील म्हणूनच बांधलेली गिटार घ्यावी लागते, आणि ती बहुतेक वेळा अमेरिकेतूनच येते.

दुसरा समज नावाचा : गाजलेलं नाव असलं की गिटार चांगलीच. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी 1950च्या दशकात नॅशव्हिलमध्ये शो-बड ही कंपनी सुरू केली. पुढे एमन्स बाहेर पडला आणि 1960च्या दशकात त्याच्या नावाच्या कंपनीच्या ‘पुश-पुल’ गिटारी आल्या. त्यांच्या आवाजावर आजही वादक जीव टाकतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण पुश-पुलची जुळणी करायला जाणता हात लागतो. तो टेनेसी किंवा टेक्सासमध्ये सापडेल, पुण्यात किंवा मडगावात शोधायला कुठे जाणार? नंतर सर्वत्र रूढ झालेल्या ‘ऑल-पुल’ यंत्रणेत प्रत्येक पेडलचा सूर गिटारच्या उजव्या टोकाला असलेल्या नायलॉनच्या नटांनी, एका लहान किल्लीने लावता येतो. वाद्य उघडावं लागत नाही. आसपास दुरुस्ती करणारा नसेल तर पुश-पुलचा मोह टाळून ऑल-पुल घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

नावाचा आणखी एक फसवा भाग. शो-बडचं ‘मॅव्हरिक’ हे शिकाऊंसाठीचं मॉडेल स्वस्तात दिसतं, पण त्यात गुडघ्याची लिव्हर फार तर एक, कधी तीही नसते. चार लिव्हर गृहीत धरलेला धडा त्यावर काही दिवसांतच अडतो. फेंडरच्या आठ तारांच्या, केबलवर चालणाऱ्या जुन्या पेडल स्टीलचंही असंच. स्नीकी पीट क्लाइनो या वादकाने फेंडरवर अप्रतिम काम केलं, पण त्याची तारांची जुळणी त्याची स्वतःची होती. नवशिक्याला त्या वाटेने शिकवणारं कोणी भेटत नाही. उलट ‘कार्टर स्टार्टर’सारख्या साध्या गिटारीत तीन पेडल आणि चार लिव्हर असतात. दिसायला सामान्य असली तरी शिकण्यासाठी तीच जास्त उपयोगी.

दोन गळ्यांची गिटार म्हणजे वरचा दर्जा, असंही नाही. दुसरा गळा ‘सी सिक्स्थ’ या वेगळ्या जुळणीचा असतो, स्विंग आणि जॅझच्या बाजाचा. तो हवाच असेल तर घ्यावा. पण वजन केससकट 30 किलोच्या आसपास जातं आणि विमानात नगामागे साधारण 23 किलोच चालतात. सुट्टीला येणाऱ्या भावाच्या किंवा मावशीच्या सामानातून आणवायची असेल तर एका गळ्याचीच शोधावी. पाय आणि पेडलची पट्टी सुटी होते, ती दुसऱ्या बॅगेत जाते. सीमाशुल्काची चौकशी मात्र निघण्याआधी करावी आणि खरेदीची पावती सोबत ठेवावी. लाकडावर लॅकर आहे की मायका, यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. मायका लावलेल्या कितीतरी गिटारी व्यावसायिक वादक वर्षानुवर्षं वाजवत आले आहेत.

सगळ्यात मोठी भीती : न वाजवता घेणं म्हणजे जुगार. मला हे पटत नाही. पेडल स्टील हे यंत्र आहे, आणि यंत्राची तपासणी व्हिडिओवर बरीचशी होते. विक्रेत्याकडे गिटारच्या खालच्या बाजूचा उजेडातला फोटो मागावा. दांड्या सरळ आहेत का, एखादा भाग तुटून तारेने बांधलाय का, गंज कुठे आहे, हे त्यात दिसतं. शेवटच्या काळातल्या शो-बडमध्ये ओतीव, ठिसूळ धातूचे भाग आले, ते झिजतात आणि तुटतात. तिथे बारकाईने पाहावं. मग ट्यूनर कॅमेऱ्यासमोर ठेवून एकेक तार वाजवायला सांगावं. पेडल दाबलं, सोडलं, तार पुन्हा छेडली : सूर मूळ जागी परत आला का? हीच कसोटी प्रत्येक लिव्हरची. परत येताना तो दरवेळी जरासा वर किंवा खाली राहत असेल तर चेंजर अडकतोय किंवा झिजलाय.

आता षड्जाची परीक्षा. चौथी तार, म्हणजे आपला सा, वाजती ठेवून पहिली दोन पेडल एकदम दाबायला सांगावीत. या तारेशी त्या पेडलांचा संबंध नाही, तरी ट्यूनरचा काटा थोडा खाली येतो, कारण बाकीच्या तारांचा ताण वाढला की लाकडी अंग किंचित वाकतं. काही सेंटचा फरक प्रत्येक गिटारमध्ये असतो आणि त्याला घाबरू नये. कानाला सहज जाणवेल इतका सा उतरत असेल तर मात्र ती गिटार सोडावी.

‘फारशी वाजवलेली नाही, पलंगाखाली पडून होती’ हे वाक्य ऐकून खूश होऊ नये. पडून राहिलेल्या चेंजरमधलं तेल चिकट होऊन फिंगर अडकतात. ते साफ होतं, पण किंमत त्या हिशेबाने ठरवावी. नियमित वाजवणाऱ्याची, रंग उडालेली गिटार मला जास्त भरवशाची वाटते. त्याला विचारावं, पेडलांचा क्रम एमन्स पद्धतीचा की जिमी डे पद्धतीचा. डे पद्धतीत तो उलटा असतो, आणि धडे बहुतेक एमन्स क्रमाने मिळतात.

व्होल्टेजची काळजी गिटारपुरती तरी नको. पिकअपला वीज लागत नाही, त्यामुळे अमेरिकेतली गिटार इथे तशीच चालते. अॅम्प्लिफायर मात्र तिथला घेऊ नये. तो 120 व्होल्टचा असतो आणि आपल्या 230 वर थेट लावला तर जळतो. अॅम्प इथेच घ्यावा. सौदा ठरवताना ट्यूनिंगची किल्ली, बार आणि व्हॉल्यूम पेडल सोबत मागावं, कारण या वाद्यात डाव्या हाताइतकंच काम उजवा पाय करतो.

राहिल्या तारा. संपूर्ण ई नाइन संच बाहेरूनच मागवावा लागतो, पण सगळ्यात जास्त तुटते ती तिसरी तार, म्हणजे वरचा गंधार. दुसरं पेडल तीच ताणत असतं. तिची जाडी .011 इंच, आणि इतक्या जाडीची साधी पोलादी तार इलेक्ट्रिक गिटारच्या सुट्या तारांत मुंबईच्या धोबी तलावाला किंवा पणजीला मिळते. गिटार येण्याआधीच पाच-सहा घेऊन ठेवाव्यात.