छातीतली धडधड पुन्हा पुन्हा का येते?

गुरुवारी शिरगावच्या प्रतिशिर्डीत साईबाबांच्या दर्शनाला गर्दी असतेच. तीन वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी, रांगेत उभी असताना माझ्या छातीत एकाएकी धडधडायला लागलं. पुढं माणसं, मागं माणसं, दोन्ही बाजूंना कठडे. श्वास पुरेना. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, ओठांभोवती बधिर झालं, आणि वाटलं, आपण आता इथंच संपणार. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘‘ताई, खाली बसा जरा, गॅस झाला असेल.’’ मी कठड्याखालून वाकून बाहेर पडले ती अनवाणीच रस्त्यापर्यंत आले. दहा मिनिटांत सगळं ओसरलं. ईसीजी काढला, तो स्वच्छ. ‘‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,’’ असं सांगून मला घरी पाठवलं.

ते ऐकून हायसं वाटलं, पण महिनाभरानं सोमाटणे फाट्यावर वाहतुकीत अडकलेल्या रिक्षात पुन्हा तेच झालं. त्यानंतर लोकलमध्ये. ‘काही झालेलं नाही’ हा या त्रासाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, असं मी आज ठामपणे म्हणेन. हृदयाला काही झालेलं नसतं, एवढंच खरं. शरीरात मात्र पुष्कळ काही घडलेलं असतं आणि ते मोजता येतं.

धोक्याची जाणीव झाली की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं 1915च्या आपल्या पुस्तकात हे मांडलं. ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हातपाय गार पडतात. श्वास भराभर होतो. समोर बिबट्या असता तर आपण पळालो असतो आणि तो श्वास कामी आला असता. रांगेत आपण नुसते उभे असतो, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमचं प्रमाण बदलतं आणि मुंग्या येतात, बोटं आखडतात. हा सगळा रसायनांचा खेळ आहे. ‘मनाचे खेळ’ म्हणून तो झटकून टाकणं म्हणजे त्या माणसाला खोटं ठरवणं.

हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर पुढचं वर्ष वाचलं असतं.

‘चक्कर येऊन पडेन’ ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. पण शुद्ध हरपते ती बहुतेकदा रक्तदाब एकदम उतरल्यावर, आणि घबराटीच्या अशा झटक्यात तो उलट चढलेला असतो. रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट निराळी. बाकीच्यांना गरगरतं, पण ते पडत सहसा नाहीत.

मात्र ‘धडधड म्हणजे घबराटच’ हाही गैरसमजच, आणि तो जिवावर बेतू शकतो. पहिल्यांदाच छातीत दुखलं, चालताना किंवा जिना चढताना दुखलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर घबराट असेल असं समजून घरी बसू नका. 108ला फोन करा. मधुमेह, रक्तदाब असेल तर आणखीच सावध राहायला हवं. थायरॉइड वाढलेलं असणं, रक्त कमी असणं, दम्याचा पंप, दिवसाचे सात-आठ कप चहा, यांनीही धडधडतं. एकदा नीट तपासून घ्यावं. पण सगळं ठीक आल्यावर दर महिन्याला नवा ईसीजी काढत बसू नये. तसं करण्यानं भीतीच पोसली जाते. मी चार काढले.

‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला सगळेच देतात. धाप लागलेल्या माणसानं छाती भरून मोठे श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो आणि मुंग्या वाढतात. श्वास संथ हवा आणि सोडताना लांबवायला हवा, नाकानं, घाई न करता. आपल्या मावळातच, लोणावळ्यात, स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया करताना शरीरात काय होतं ते यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. तेव्हा श्वासाचा विचार प्रयोगाच्या अंगानं करणं इथं नवं नाही. ज्याला असे झटके येतात त्यानं कपालभाती किंवा भस्त्रिकेच्या जलद आवर्तनांनी सुरुवात करू नये. त्यानं गरगरतं आणि माणूस आणखी घाबरतो. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही सोडून द्या, त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असला तर तो घातक ठरतो.

आता मुख्य प्रश्न. झटका एकदा येणं समजू शकतं, तो परत परत का येतो?

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये याचं उत्तर मांडलं, आणि माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं निघालं. ठोका थोडा चुकतो. आपण त्याचा अर्थ लावतो, ‘हार्ट अटॅक’. त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं ठोके वाढतात, वाढलेले ठोके आपला अर्थ खरा ठरवतात. यात भर पडते ती टाळण्याची. मी रांगेतून पळाले आणि धडधड थांबली. मनानं काय नोंद केली? ‘पळालीस म्हणून वाचलीस.’ मग गुरुवार सुटला, लोकल सुटली, कामशेतच्या बोगद्यातून जायला नको म्हणून लोणावळ्याचं माहेर सुटलं. जी लाट दहा मिनिटांत आपोआप ओसरते, ती ओसरताना पाहण्याची संधीच मी स्वतःला दिली नाही.

पर्समध्ये पाण्याची बाटली, एक गोळी आणि सोबत कायम कुणीतरी. हे सगळे ताईत होते. ते होते तोवर ‘त्यांच्यामुळे वाचले’ हा समज जाणार कसा?

उपचार नेमका इथं हात घालतो. माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला. मग खुर्चीवर गोल फिरवलं. मग जिना पळत चढायला सांगितला. तीच धडधड, त्याच मुंग्या, तीच गरगर. पण या वेळी मी स्वतः आणलेली. दोन-तीन आठवड्यांत त्यांचा धाक कमी झाला. नंतर जागांची पायरी-पायरीनं यादी केली. तळेगाव स्टेशनवर नुसतं बसायचं आणि लोकल जाऊ द्यायची. मग घोरावाडीपर्यंत, मग देहूरोड, मग पिंपरी. बाटली घरी ठेवून. नियम एकच, भीती कळसाला असताना उतरायचं नाही.

घरातल्यांचे समज मी थोडक्यात सांगते, कारण त्यात दुष्टावा नव्हता. ‘‘सूनबाई, मन घट्ट कर,’’ असं सासूबाई म्हणत. पण असे झटके गाढ झोपेतूनही येतात, तिथं घट्ट काय करणार? आत्यांनी दृष्ट काढली, त्याचा राग नाही. पण बाधा झाली म्हणून कुणी झोडपणार असेल, तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

गोळ्यांबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण ‘मनाच्या गोळ्यांची सवय लागते’ या वाक्यात दोन वेगळी औषधं एकत्र कालवली जातात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांनी पटकन शांत वाटतं आणि त्यांची सवय खरोखर लागते. चिठ्ठीशिवाय, शेजाऱ्याच्या पाकिटातून त्या कधीही घेऊ नयेत. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचं तसं व्यसन लागत नाही. त्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते, आणि नेमकं तेव्हाच लोक ती सोडून देतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर ती काही महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम तोडली तर त्रास होतो.

‘एवढ्याशा गोष्टीला मानसोपचार?’ हो. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आता 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये तो सुरू झाला. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

झटके परत आले की ‘उपचार फुकट गेले’ असं वाटतं. माझेही परत आले, गेल्या पावसाळ्यात, घरात एका आजारी माणसाची रात्रंदिवस उठबस चालू असताना. जागरणात, ताणात ते डोकं वर काढतात. त्या दिवशी मी पुण्याला निघाले होते. बेगडेवाडी सोडल्यावर धडधड सुरू झाली, ओठ बधिर झाले. हात दाराकडं गेला होता. मी तो मागं घेतला, सीटवर बसले आणि समोरच्या मुलीच्या हातातल्या मोगऱ्याच्या पुडीकडं बघत राहिले. देहूरोड गेलं. आकुर्डीला बरीच माणसं चढली. चिंचवडला माझ्या लक्षात आलं की मी पुडीचा वास घेतेय.