काडतूस पुनर्भरण मुद्रा : मानेच्या बुशिंगची निवड

रायफलीच्या उडविलेल्या काडतुसाचा पितळी कोश पुन्हा भरण्यापूर्वी त्याची मान योग्य व्यासाची करावी लागते. याकरिता मुद्रेत (डायमध्ये) बसविण्यात येणाऱ्या, बदलता येण्याजोग्या कठीण पोलादी कड्यास बुशिंग म्हणतात. कोश, टोपी, दारू व गोळी या काडतुसाच्या चार घटकांपैकी कोश तेवढा पुन्हा वापरता येतो. तो सामान्यतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळाचा असतो. बार उडताच वायूच्या दाबाने कोश फुगून कोठीच्या भिंतीस टेकतो व वायूस मागे निसटू देत नाही. दाब उतरल्यावर तो किंचित आकसतो. परंतु मूळ मापावर येत नाही. त्यामुळे मान सैल राहते व ती गोळीस पकडू शकत नाही.

जुनी पद्धत : साध्या मुद्रेत मानेचे माप कायम असते. सर्वांत पातळ भिंतीच्या मानेसही पकड मिळावी म्हणून ते लहान ठेवलेले असते. जाड भिंतीची मान अशा मुद्रेत गरजेपेक्षा अधिक दबते आणि मग दांडीवरील गोलक आतून ओढून ती पुन्हा मोठी करावी लागते. या दुहेरी संस्करणाने पितळ लवकर कठीण होते, मानेस चिरा पडतात आणि गोलकाच्या घर्षणामुळे मान कोशाच्या अक्षापासून ढळण्याचा संभव असतो. योग्य बुशिंग वापरल्यास मान हवी तेवढीच दाबली जाते व गोलकाची बहुधा गरज उरत नाही.

निवड : बुशिंगे सामान्यतः ०.००१ इंचाच्या (सु. ०.०२५ मिमी.) टप्प्यांनी मिळतात. निवडीचा पाया म्हणजे गोळी बसविलेल्या काडतुसाच्या मानेचा बाह्य व्यास. एकाच जातीची चारपाच काडतुसे सूक्ष्ममापकाने मोजून हा व्यास ठरवितात. भरलेले काडतूस हाताशी नसल्यास गोळीच्या व्यासात मानेच्या भिंतीच्या जाडीची दुप्पट मिळवितात. उदा., .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या गोळीचा व्यास ०.३०८ इंच असतो, भिंत ०.०१५ इंच जाड असल्यास बाह्य व्यास ०.३३८ इंच येतो. यातून ०.००२ इंच वजा करून ०.३३६ इंचाचे बुशिंग प्रथम घेतात. एकेक काडतूस हाताने भरून नेमबाजी करणाऱ्यास एवढी पकड बहुधा पुरते. स्वयंभरणी रायफलीत गोळीस धक्के बसतात. म्हणून तेथे ०.३३५ इंचाचे बुशिंग अधिक योग्य ठरते. गोलक ठेवावयाचा असल्यासही बुशिंग एखाद्या टप्प्याने लहान घेतात.

बुशिंगचे माप व त्यातून निघालेल्या मानेचे माप नेहमी सारखे नसते. स्थितिस्थापकतेमुळे मान थोडी परत फुलते. पितळ जितके कठीण तितके हे फुलणे अधिक. म्हणून अनेकदा भरलेल्या कोशांस पूर्वीचेच बुशिंग अपुरे पडू लागते. अशा वेळी लहान बुशिंग घेण्यापेक्षा मानेचे अनुशीतन करणे श्रेयस्कर असते. उडविलेल्या कोशाची मान ०.३४३ इंच असेल, तर ती ०.३३६ इंचापर्यंत एकदम न आणता मध्ये ०.३४० इंचाचे बुशिंग वापरावे, सु. ०.००५ इंचाहून मोठी घट एका टप्प्यात केल्यास मान वाकडी होण्याचा किंवा अपेक्षेहून लहान होण्याचा संभव असतो. बुशिंग मुद्रेत घट्ट न आवळता किंचित सैल ठेवतात, म्हणजे ते मानेच्या अक्षाशी आपोआप जुळते.

मर्यादा व धोके : बुशिंग बाहेरून दाबते, त्यामुळे भिंतीची जाडी असमान असल्यास तो दोष आतील बाजूस उतरतो. यावर मानेचा बाह्य पृष्ठभाग कातून जाडी एकसारखी करणे हा उपाय आहे. पकड फार कमी राहिल्यास गोळी भरतेवेळी आत सरकते, दारूची जागा घटते व दाब धोकादायक प्रमाणात वाढू शकतो. याहून दुर्लक्षित धोका निराळा आहे. गोळी बसल्यावर मानेचा बाह्य व्यास गोळी व भिंत यांवरच अवलंबून असतो, बुशिंगवर नव्हे. जाड भिंतीचे कोश अरुंद कोठीत वापरल्यास मानेस फुलण्यास जागा उरत नाही, गोळी सुटण्यास अडथळा होतो आणि दाब बेसुमार वाढतो. लहान बुशिंग घेतल्याने हा धोका टळत नाही. म्हणून कोशांचा प्रकार बदलताच भरलेल्या मानेचे माप कोठीच्या मापाशी ताडून पाहणे अत्यावश्यक असते.

शीत संस्करणाने पितळात राहिलेल्या ताणाचे परिणाम भारतात फार पूर्वी दिसून आले होते. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांत साठविलेल्या काडतुसांच्या कोशांस चिरा पडत. अवशिष्ट ताण व घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया ही त्यांची कारणे १९२१ मध्ये स्पष्ट झाली. पुन्हापुन्हा भरलेले कोश अमोनियायुक्त द्रावणाने साफ करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

अमेरिकेत पुनर्भरण हा नेमबाजांचा रूढ छंद आहे. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो.