प्रवासात मुलांना पडणारा प्रश्न : समृद्धी कोणाची?

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत शहरातील कुटुंबे प्रवासास निघतात, तेव्हा वडील माणसे मुक्कामाची, जेवणाची आणि खर्चाची चिंता वाहत असतात. मुलांवर यांपैकी कशाचाच भार नसतो. म्हणून त्यांची दृष्टी मोकळी असते. खिडकीबाहेर जे दिसते ते ती निरखून पाहतात, आणि घराच्या चार भिंतींत जो प्रश्न कधी सुचला नसता तो वाटेत सहज विचारतात. आपण मोटारीतून चाललो आहोत. मग रस्त्याच्या कडेला उन्हात सीताफळांची पाटी घेऊन बसलेल्या त्या बाईंपाशी मोटार का नाही?

या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. पहिले, ‘त्या गरीब आहेत म्हणून.’ हे उत्तर नव्हेच. प्रश्नच निराळ्या शब्दांत परत केला गेला. दुसरे, ‘तू नीट अभ्यास कर, म्हणजे तुझ्यावर अशी पाळी येणार नाही.’ हे उत्तर पहिल्याहून घातक होय. कारण त्यातून मुलाच्या मनात असा समज रुजतो की, ज्याच्यापाशी नाही त्याचा काही तरी अपराध असलाच पाहिजे. दोन्ही उत्तरे देणारे आईबाप निष्ठुर नसतात. त्यांना केवळ दुसरे उत्तर ठाऊक नसते. ते उत्तर कोठे सापडेल, याचा शोध घेण्याजोगा आहे.

प्रथम मुलाची वाटणीविषयीची समज कशी वाढते ते पाहू. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नीतिकल्पनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मते लहान मुलाला वडीलधारे देतील तीच वाटणी न्याय्य वाटते. पुढे सात-आठ वर्षांनंतर त्याला सर्वांना अगदी सारखे हवे असते, आणि अकरा-बारा वर्षांच्या सुमारास प्रत्येकाची गरज व परिस्थिती पाहून वाटावे हे त्याला पटू लागते. याच विषयावर सात देशांतील मुलांना घेऊन केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला; त्यात भारतातील मुलेही होती. दोन मुलांत खाऊची असमान वाटणी मांडावयाची. एकाने ती स्वीकारावी किंवा नाकारावी. नाकारली तर दोघांच्याही हाती काही पडावयाचे नाही, अशी योजना होती. आपल्याला कमी मिळत असेल तर वाटणी नाकारण्याची वृत्ती सातही देशांत दिसून आली. परंतु आपल्याला अधिक मिळत असतानाही ‘हे बरोबर नाही’ म्हणून वाटणी नाकारणारी मुले केवळ तीन देशांत, आणि तीही मोठ्या वयाची, आढळली. त्या तिनांत भारत नव्हता.

याचा अर्थ आपली मुले स्वभावतः स्वार्थी आहेत असा नव्हे. अर्थ एवढाच की, आपल्यावर अन्याय झाल्याचा राग मुलाला शिकवावा लागत नाही. मात्र आपल्या पदरी अधिक पडल्याची टोचणी भोवतालच्या माणसांकडून शिकावी लागते. आणि ती शिकविण्याची संधी प्रवासाइतकी क्वचितच दुसरीकडे मिळते.

यासाठी विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याची वाट चांगली उपयोगी पडेल. मुंबईहून नागपूरपर्यंत जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग या जिल्ह्याच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि मेहकर या तालुक्यांतून जातो. २०२२ साली त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि २०२५ साली संपूर्ण मार्ग पुरा झाला. रस्त्याचे नाव वाचून एखादे मूल विचारील, ‘समृद्धी कोणाची?’ या प्रश्नाची टिंगल करू नये. ज्यांच्या शेतजमिनी रस्त्याखाली गेल्या त्यांनी मोबदला घेतला, पण जमीन दिली. ज्यांनी उन्हातान्हात खडी पसरली त्यांनी मजुरी घेतली, पण श्रम दिले. मोटारीत बसलेल्या कुटुंबाने पथकर भरला हे खरे. तथापि केवळ तेवढ्याने रस्ता त्याचा एकट्याचा होत नाही. संपत्ती पुष्कळांच्या हातांनी निर्माण होते, हा धडा येथे मुलाच्या चाकाखालीच पसरलेला असतो.

हीच गोष्ट जुन्या काळी खामगावने दाखविली होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. खामगाव ही त्या कापसाची मोठी पेठ. १८७० साली जलंब स्थानकापासून खामगावपर्यंत आगगाडीचा सुमारे १३ किलोमीटरांचा फाटा सुरू झाला. त्या समारंभास गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः आले होते. परंतु युद्ध संपताच भाव उतरले होते, आणि ज्याने ज्वारीऐवजी कापूस पेरला त्याचे नशीब सातासमुद्रांपलीकडच्या बाजाराला बांधले गेले होते. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. १८९१ च्या शिरगणतीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८१ हजार होती. ती १९०१ साली सुमारे ४ लाख २४ हजारांवर आली. ज्या मुलुखात कापसाच्या गाड्यांची रीघ लागत होती, त्याच मुलुखात दहा वर्षांत माणसे अशी घटली. ती माणसे आळशी होती असे कोण म्हणेल? मेहनत करूनही माणूस दरिद्री राहू शकतो, हे दहा वर्षांच्या मुलाला या एका हकिकतीवरून समजावून सांगता येते.

येथे मूल पुढचा प्रश्न विचारणार : ‘मग ज्यांच्यापाशी होते त्यांनी काय केले?’ त्याचे एक उत्तर सिंदखेड राजा येथे आहे. हे लखुजी जाधवांचे गाव, आणि १५९८ साली जन्मलेल्या जिजाबाईंचे माहेर. पर्यटक वाडा पाहतात, लखुजींची भव्य समाधी पाहतात आणि निघून जातात. परंतु मुलाला गावाजवळचा मोती तलाव अवश्य दाखवावा. दगडी बांध घालून अडविलेले हे पाणी त्या काळच्या वैभवाची खूण आहे. वाड्यात मालक राहतो; तलावाचे पाणी मात्र वाटसरूची, गुराख्याची आणि गुरांचीही तहान भागविते. संपत्ती वाटावयाची म्हणजे नाणी उधळावयाची असे नव्हे. अनेकांच्या उपयोगी पडेल अशा वस्तूत ती घालावयाची, हा तिचा दीर्घकाळ टिकणारा प्रकार होय. याच जिल्ह्यात २०१८ साली तलावांतील गाळ उपसण्याची मोठी मोहीम झाली. गाळ शेतांत गेला आणि तलावांत पाण्याला जागा झाली. महामार्गांच्या कामाला लागणारी माती व मुरूमही तलाव-नाल्यांतून काढून घेण्यात आला. रस्ता हवा त्याला रस्ता मिळाला, पाणी हवे त्याला पाणी. या योजनेला पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ असे नाव पडले.

दुसरे उत्तर शेगावात मिळते. गजानन महाराज १८७८ साली तेथे प्रथम दृष्टीस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरील अन्नाचे कण वेचून खाताना, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण या कथेतील दृश्य कोणाही मुलाने ध्यानात धरावे असे आहे. मेजवानी एकीकडे चालली आहे, टाकलेले अन्न दुसरीकडे पडले आहे, आणि त्याची किंमत जाणणारा एकच मनुष्य तेथे आहे. १९०८ साली स्थापन झालेल्या तेथील संस्थानात आज येणाऱ्यांना महाप्रसाद विनामूल्य मिळतो. पंगतीत शेजारी कोण बसला आहे हे कोणी विचारीत नाही. त्याहूनही लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तेथे वाढणारे, झाडणारे आणि चपला सांभाळणारे हजारो सेवेकरी आळीपाळीने येऊन वेतनाशिवाय काम करतात. त्यांतील पुष्कळजण शेतकरी व कष्टकरी आहेत. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्यापाशीही वाटण्याजोगे काही असते, हे मुलाला येथे डोळ्यांनी पाहता येते. देणारा श्रीमंत आणि घेणारा गरीब, ही त्याची समजूत येथे सहज मोडते.

तथापि केवळ दयेवर आणि श्रद्धेवर समाजाची सोय लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या पुरस्काराने रोजगार हमी योजना हाती घेतली. जो काम मागेल त्याला काम देणे हे राज्याचे कर्तव्य मानले गेले. १९७७ साली तसा कायदा झाला व तो १९७९ साली अमलात आला. पुढे २००५ साली देशभर असा कायदा झाला, त्यामागे हाच अनुभव होता. या योजनेसाठी पैसा उभा करावा म्हणून १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला, आणि त्यात शासनाने आपलीही तितकीच भर घालावी असे ठरले. शहरातील नोकरदाराच्या पगारातून आजही हा कर कापला जातो. वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. पगाराच्या कागदावरील ती छोटी ओळ बहुतेक घरांत कोणी वाचीत नाही. ती मुलाला वाचून दाखवावी. शहरातील कचेरी आणि दुष्काळी गावातील बांधबंदिस्तीचे काम यांत जुळलेला तो एक धागा आहे, आणि तो उपकाराचा नसून हक्काचा आहे.

विनोबा भाव्यांनी हाच विचार कुटुंबाच्या भाषेत मांडला. १९५१ साली भूदानयात्रा सुरू झाल्यावर ते जमीनवाल्यांना सांगत की, घरात पाच मुलगे असतील तर दरिद्रीनारायणाचा सहावा समजून त्याचा हिस्सा द्या. १९५२ पासून त्यांनी संपत्तिदानाची जोड दिली व उत्पन्नाचा सहावा भाग मागितला. दान म्हणून मिळालेली सर्व जमीन भूमिहीनांपर्यंत पोहोचली नाही, हेही मोठ्या मुलांपासून लपवू नये. परंतु भावंडांत खाऊ वाटण्याची सवय असलेल्या मुलाला ‘घरात आणखी एक भावंड आहे असे समज’ हे सांगणे जितके कळते, तितके अर्थशास्त्राचे व्याख्यान कळत नाही.

प्रवासाचा शेवट लोणारच्या सरोवरापाशी करावा. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या तळाशी खारे पाणी आहे. पूर्वी त्यातून क्षार काढीत असत. २०२० च्या जून महिन्यात हे पाणी गुलाबी झाले, आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळले. त्याच वर्षी सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. ही संपत्ती कोणाच्या मालकीची? तिची वाटणी करता येत नाही. केली तर ती उरत नाही. ती केवळ जपून पुढच्यांच्या हाती देता येते. वाटेकऱ्यांत अद्याप न जन्मलेली मुलेही असतात, ही कल्पना या काठावर उभे राहून मुलाला समजते, आणि मग हातातला रिकामा पुडा फेकू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता आईबापांनी प्रत्यक्ष काय करावे? देवळाच्या दारी मुलाच्या हाती नाणे देऊन भिकाऱ्याच्या वाडग्यात टाकावयास लावणे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय होय. ते नाणे बापाचे असते. मुलाचे काहीच कमी होत नाही, उलट मोठेपणाची भावना मात्र फुकट मिळते. त्यापेक्षा निघण्यापूर्वी प्रवासखर्चाची थोडी रक्कम मुलाच्या स्वाधीन करावी, तिचा हिशेब त्यालाच ठेवू द्यावा, आणि त्यातून काय द्यावे हे त्यालाच ठरवू द्यावे. त्याने काहीच दिले नाही तर रागावू नये. सीताफळवाल्या बाईंशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारे वडील पाटीपुढे बसून भाव पाडतात, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही. त्या बाईंना ‘मावशी’ म्हणून हाक मारावी. फळे कोणत्या डोंगरातली, किती लांबून आणली, हे मुलाला विचारू द्यावे. ज्याची हकिकत कळली तो मनुष्य केवळ ‘गरीब’ राहत नाही.

मुलाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मग देता येते. त्या बाईंपाशी मोटार नाही, याचे कारण त्यांनी कमी कष्ट केले हे नव्हे. कष्टांचे मोल सर्वांना सारखे मिळत नाही, आणि ते मिळावे यासाठी माणसांनी तलाव बांधले, अन्नछत्रे काढली, कायदे केले. ते काम अपुरे आहे आणि मूल मोठे झाल्यावर त्यालाही त्यातला आपला वाटा उचलावयाचा आहे. असे खरे उत्तर मिळालेले मूल प्रवासातून दुःखी होऊन परतत नाही. आपल्या पदरी अधिक आले आहे हे त्याला कळते, आणि त्याचे काय करावे याचा विचार त्याच्या मनात सुरू होतो. सुटीच्या आठ दिवसांत इतके साधले तरी ते पुष्कळ झाले.