शेतसारा, पावती आणि संगणक : तळेगाव ढमढेरेच्या संदर्भात एक टिपण

कर देणे आणि तो दिल्याचे सिद्ध करणे, ही दोन कृत्ये नित्याच्या व्यवहारात एकच मानली जातात. महसुली कारभारात मात्र ती निराळी आहेत. शेतसारा घरबसल्या संगणकावरून भरण्याची सोय झाल्याने पहिले कृत्य सुलभ झाले. दुसरे तसे झालेले नाही, आणि खातेदाराच्या वैतागाचे मूळ बहुतांशी येथेच आहे. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे गाव डोळ्यांपुढे ठेवून हा प्रश्न उलगडून पाहू.

शेतसाऱ्याची रक्कम बहुधा अल्प असते. इंदापूर भागात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी मोजणी व प्रतबंदी केली, तिच्या धर्तीवर पुढे प्रत्येक सर्व्हे नंबरास आकार ठरला. त्यावर जिल्हा परिषदेचा व ग्रामपंचायतीचा उपकर बसतो. परंतु रक्कम अल्प म्हणून थकबाकीचा परिणामही अल्प, असे समजू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 176 मध्ये वसुलीचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत मागणीची नोटीस आहे तसेच जमीन सरकारजमा करणेही आहे. अशा रीतीने गेलेल्या जमिनींस ‘आकारी पड’ म्हणतात. त्या मूळ खातेदारांस परत देता याव्यात म्हणून 2025 मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. दहा-वीस रुपयांची पावती शेतकरी पेटीत जपून ठेवतो, ते उगीच नव्हे.

खातेदाराची गावातील सर्व जमीन गावनमुना आठ-अ मध्ये एका खात्याखाली येते. मागणी, वसुली व बाकी आठ-ब मध्ये लिहितात, आणि पावती नमुना नऊच्या पुस्तकातून फाडून देत. तलाठ्याकडे (2024 पासून त्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे आहे) ही सारी पुस्तके एकत्र असत. एकातील चूक दुसऱ्यावरून ध्यानात येई. ‘ई-चावडी’ प्रणालीने हे दप्तर संगणकावर आणले. संगणक मागील बाकी जशी उतरवली गेली तशीच दाखवितो. जुन्या वहीतील वसुलीची एक ओळ उतरवायची राहिली, की भरलेला सारा थकलेला दिसू लागतो. पैसे घेण्यास यंत्र एकटे पुरते; बाकी चुकीची आहे हे मान्य करण्यास मात्र अधिकारी लागतो.

नावांचा घोळ याहून चिवट आहे. ज्या गावाच्या नावातच आडनाव आहे, तेथे त्या आडनावाचे खातेदार पुष्कळ असावयाचेच. समजा, एकाचे आडनाव सातबाऱ्यावर ‘ढमढेरे’, आधारपत्रावर ‘ढमढरे’, आणि बँकेत रोमन लिपीतून पुन्हा देवनागरीत येताना ‘धमधेरे’ असे झाले. गावाच्या दृष्टीने हा मनुष्य एक, यंत्राच्या दृष्टीने तीन. कुलकर्णी वतने 1951 मध्ये संपली. तोवर दप्तर लिहिणारा बहुधा गावचाच असल्याने ही अडचण जाणवत नसे. (त्या ओळखीचे तोटेही होते; तो विषय निराळा.)

लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम 155 खाली होते व तो अधिकार व्यवहारात तहसीलदार वापरतात. एक मात्रा राहिली तरी अर्ज शिरूरला, तेथून अहवालासाठी मंडळ अधिकाऱ्यामार्फत पुन्हा गावात, आणि अहवाल परत शिरूरला, असा प्रवास घडतो. मालकी बदलताना कलम 150 प्रमाणे चावडीवर नोंद लावणे, संबंधितांस सूचना देणे व हरकतीची वाट पाहणे भाग आहे. ती सावकाशी हवीच, नाहीतर एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे चढावयास वेळ लागणार नाही. मात्र अक्षराच्या चुकीस जवळजवळ तीच वाट दाखविणे निरर्थक होय. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. त्यापूर्वी 2017 मध्ये गावोगाव ‘चावडी वाचन’ झाले. नोंदी सर्वांसमक्ष वाचून चुका हेरण्याचा हा उपाय जुनाच, पण आमच्या मते आजवरच्या उपायांत सर्वांत शहाणपणाचा.

कागदाचा हा झगडा या मुलखास नवा नाही. 1875 च्या दंग्यांत शिरूर तालुक्यात आणि त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात, म्हणजे आज दौंडमध्ये असलेल्या केडगावासारख्या गावी, शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या रोख्यांवर होता. ते हाती आले की जाळले जात. त्यानंतर झालेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने सावकारावर लेखी पावती देण्याचे व मागितल्यास वार्षिक हिशेब देण्याचे बंधन घातले. पुराव्याचा भार घेणाऱ्यावर टाकण्याचे हे तत्त्व सरकारने सावकारास लावले. साऱ्याच्या वादात मात्र जुनी पावती शोधून आणण्याचे काम देणाऱ्याकडेच राहते.

यावर एक साधी सूचना करता येईल. जुन्या सातबाऱ्यांच्या व फेरफारांच्या प्रतिमा ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर उपलब्ध झाल्या आहेत. त्याच रीतीने आठ-ब ची हस्तलिखित पाने व नमुना नऊच्या स्थळप्रती ज्या त्या खात्याशी जोडाव्यात, आणि तेथे वसुली दिसत असल्यास थकबाकी कमी करण्याचा अधिकार गावपातळीवरच द्यावा.